बेलम गुहा आणि गंडिकोटा: ओट्यावरच्या कडप्प्याच्या माहेरी

काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर पिळलेलं लिंबू रात्रभर उपडं राहिलं, की सकाळी तिथं एक पांढुरकी, निस्तेज गोल खूण दिसते. तारेच्या घासणीनं घासा, साबण लावा, ती जात नाही. जाणार कशी? तो डाग नव्हेच. लिंबाच्या आम्लानं दगडाचा गुळगुळीत पापुद्रा खाल्लेला असतो. बोट फिरवलं की तिथला खरखरीतपणा लगेच लागतो. कडप्पा हा चुनखडक आणि चुनखडक आम्लात विरघळतो, एवढी एक गोष्ट पक्की ठेवून आंध्र प्रदेशातल्या बेलम गुहेत उतरायला हवं. ती गुहा याच दगडात आहे, आणि लिंबानं ओट्यावर एका रात्रीत जे केलं तेच तिथं मुरलेल्या पावसाच्या पाण्यानं हजारो वर्षं केलं आहे.

आमचा अभिप्राय आधीच सांगतो. खडक, पाणी आणि भूरूपं यांत थोडाही रस असेल, तर बेलम आणि तिथून साठेक किलोमीटरवरची गंडिकोट्याची घळई ही जोडी मिळून पाहायला हवी, आणि त्यासाठी दोन पूर्ण दिवस काढायला हवेत. नुसती झुंबरं लटकलेली गुहा पाहायची असेल, तर विशाखापट्टणमजवळची बोर्रा गुहा जास्त आवडेल. बेलमची श्रीमंती छताला लटकलेल्या गोष्टींत कमी आणि पाण्यानं कोरून काढलेल्या वाटांत जास्त आहे. हे आधी माहीत नसलं की माणसं पाऊण तासात बाहेर येतात आणि "आत काही नाही" म्हणून मोकळी होतात.

जागा नंद्याल जिल्ह्यातल्या कोलिमिगुंडला मंडलात (मंडल म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग). २०२२ पर्यंत हा भाग कर्नूल जिल्ह्यात होता. नाव आलं 'बिलम्' या शब्दावरून, म्हणजे आपलं साधं बीळ. १८८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या गुहेची नोंद केली. पुढे जवळजवळ शंभर वर्षं कुणी फारसं आत शिरलं नाही. १९८२ आणि १९८३ मध्ये हर्बर्ट डॅनियल गेबाउर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी आत फिरून पद्धतशीर शोध घेतला. १९८८ मध्ये राज्य सरकारनं गुहेला संरक्षण दिलं, १९९९ पासून वाटा, जिने, दिवे यांचं काम झालं आणि फेब्रुवारी २००२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. मोजलेली लांबी ३,२२९ मीटर. त्यातला साधारण दीड किलोमीटर पाहता येतो. 'देशातली दुसऱ्या क्रमांकाची लांब गुहा' असं सगळीकडे वाचायला मिळतं, त्यावर विसंबू नका. मेघालयात याहून कितीतरी लांब गुहा आहेत. तिथली क्रेम लियात प्राह एकटीच तीस किलोमीटरच्या आसपास जाते. बेलमला मोठेपणासाठी या क्रमांकाची गरज नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी रेल्वेचा मार्गच मोठा बोलका आहे. मुंबई–पुणे–सोलापूर–चेन्नई मार्गावर कलबुर्गी आणि वाडी यांच्या मधे शहाबाद स्टेशन लागतं. चाळीत, शाळेत, देवळाच्या मंडपात आपण ज्या शहाबादी फरशीवर बसलो ती इथली, आणि तीही चुनखडकच, भीमा खोऱ्यातल्या जुन्या थरांतली. तीच गाडी पुढे रायचूर, गुंतकल, मग मुरारराव घोरपड्यांची गुत्ती ओलांडून ताडिपत्रीला जाते. तिथून बेलम रस्त्यानं तीसेक किलोमीटर. सगळ्या गाड्या ताडिपत्रीला थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढतानाच थांबा पाहून घ्यावा. ताडिपत्री सोडलं की शेतांना कुंपण म्हणून उभ्या रोवलेल्या फरश्या दिसू लागतात. काही घरांच्या छपरावरही फरश्याच. हा खडक थराथरानं पडलेला असल्यामुळे पहारीनं सहज सपाट सुटतो, म्हणून तो आपल्या ओट्यापर्यंत पोचला. भूवैज्ञानिक त्याला नारजी चुनखडक म्हणतात. कडप्पा खोऱ्यातल्या 'कर्नूल गट' नावाच्या थरांतला हा एक. त्यात शंखशिंपले शोधू नका. तो साचला तेव्हा समुद्रात कवचवाले प्राणी अजून यायचे होते.

गुहेपाशी पोचल्यावर पहिला धक्का बसतो तो सपाटीचा. लेणी म्हटली की आपल्याला डोंगर लागतो. अजिंठा, वेरूळ, कार्ले सगळं कड्यात खोदलेलं. इथं सपाट रान आणि त्यात विहिरीसारखी तीन भोकं, बस्स. मधल्या भोकातून जिना उतरतो. या खळग्यांना विलयविवर म्हणतात: खालचा खडक विरघळून पोकळी वाढत जाते, छत पातळ होतं आणि शेवटी खाली बसतं. जिना उतरताना मिनिटभर थांबून विवराच्या कडेचा काप पाहा. आडवे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसतात आणि त्यांना उभ्या भेगा छेदून जातात. आत जे काही दिसणार आहे त्याचा नकाशा हाच. थरांमधल्या आडव्या फटी आणि उभ्या भेगा, या दोन वाटांनीच पाणी आत गेलं.

पावसाचं पाणी हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, पण खरी धार त्याला मातीत मिळते. मुळांच्या श्वसनामुळे आणि कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी शंभरपट असतो. ते पाणी सौम्य कार्बोनिक आम्ल बनून भेगेत उतरतं, कॅल्शियम कार्बोनेट विरघळवून बायकार्बोनेटच्या रूपात वाहून नेतं आणि भेग केसाएवढी होती ती बोटाएवढी होते. बोटाएवढी झाली की पाणी वेगानं वाहतं आणि भेग आणखी झपाट्यानं रुंदावते. ज्या भेगेला सुरुवातीला थोडी जास्त जागा मिळाली तीच पुढे बोगदा होते. शेजारच्या तशाच राहतात. बेलममध्ये एका वाटेवरून दुसरी वाट आडवी फुटते, ती पुन्हा तिसरीला मिळते आणि सगळा चक्रव्यूह तयार होतो, तो यामुळेच. मोबाइलमधलं होकायंत्र लावून चार-पाच वाटांची दिशा टिपली तर त्या ठरावीक दिशांतच जातात हे लक्षात येतं. मात्र लोखंडी कठड्यांपासून दोन-तीन मीटर दूर उभं राहून मोजा, नाहीतर सुई भलतीकडे वळते.

आत गारवा मिळेल या आशेनं जाणारे सगळेच फसतात. खोल गुहेचं तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी तापमानाएवढं असतं. रायलसीमेत, म्हणजे आंध्रच्या या भागात, ती सरासरी अठ्ठावीस अंशांच्या आसपास, आणि आतली हवा बाष्पानं भरलेली. घाम सुकतच नाही, म्हणून प्रत्यक्षापेक्षा जास्त उकडतं. बाहेरून नळ्यांवाटे ताजी हवा आत सोडण्याची सोय केली आहे आणि तिचा फरक जाणवतो; त्या तोंडांपाशी थांबत थांबत पुढे जावं. सखल कोपऱ्यात मात्र जास्त वेळ बसू नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खालीच साठतो. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी, गुडघे दुखणाऱ्यांनी पहिल्या मोठ्या दालनांपर्यंत जाऊन परतावं. माणशी लिटरभर पाणी, एक पंचा, तळाला खाचा असलेले बूट आणि सुती कपडे पुरेत. कॅमेऱ्याच्या भिंगावर आत शिरताच वाफ धरते. पुसत बसू नका, दहा मिनिटांत ते गरम झालं की आपोआप निवळतं.

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे स्वतःची विजेरी. पांढऱ्या उजेडाची असावी आणि ती समोरून न मारता भिंतीला जवळपास टेकवून तिरपी धरावी. मग भिंत जिवंत होते. सपाट वाटणाऱ्या दगडावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे उथळ खळगे दिसू लागतात, एकाला लागून एक. हे वाहत्या पाण्याचे ठसे आहेत. खळगा जितका लहान तितकं पाणी वेगवान होतं; हातभर लांब खळगे म्हणजे संथ पाणी, बोटभर म्हणजे धावतं. प्रत्येक खळग्याची एक बाजू उभी आणि दुसरी उतरती असते. उभ्या बाजूचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेला पाणी वाहत होतं. पाणी जाऊन कितीही काळ लोटला असला तरी प्रवाहाची दिशा आणि वेग आजही असा भिंतीवरून वाचता येतो, आणि त्याला विजेरीखेरीज काही लागत नाही.

तसंच छताकडे पाहा. घुमटीसारखे वाटोळे खोलगट भाग दिसतील. ते छतात आहेत, याचा अर्थ पाणी एकेकाळी छतापर्यंत भरलेलं होतं आणि चारी बाजूंनी सारखंच खडक खात होतं. वाट आडवी अंडाकृती असेल तर ती त्या भरलेल्या अवस्थेतली. तिच्या तळाला अरुंद खोल चर असेल, तर पुढे भूजलाची पातळी खाली गेली आणि उरलेल्या प्रवाहानं फक्त तळ कापला. कुलपाच्या भोकासारखा हा आकार कुठं कुठं दिसतो ते शोधत जावं. आमच्या मते बेलमचे खरे पैसे इथं वसूल होतात.

आता नावाजलेली दालनं. सिंहद्वारम् ही सिंहाच्या तोंडासारखी कमान. कोटिलिंगालूत शिवलिंगांसारखे असंख्य लवणस्तंभ आणि छत-जमीन जोडणारा एक भला मोठा खांब आहे. 'हजार फणा' दालनात नागाच्या फण्यासारखे पसरट लोंब, आणि ऊडलमर्रीत वडाच्या पारंब्यांसारखे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी यांना लवणस्तंभ हे नाव दिलं, पण त्यात मीठ औषधालाही नाही. ते कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक, आहे. ते पाणी सुकून तयार होतं असं सांगितलं जातं, तेही अपुरं. इथल्या दमट हवेत पाणी सुकणार किती? थेंब छतातून बाहेर आला की त्यातला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पाण्याची चुना धरून ठेवायची ताकद संपते आणि कॅल्साइटचा एक अतिसूक्ष्म थर मागं राहतो. वाढ साधारणपणे वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाची. म्हणजे वीतभर लोंब व्हायला दोन हजार वर्षं. नाशिकची आणि कार्ल्याची लेणी खोदली जात होती तेव्हा जो थेंब पडायला लागला, त्याचं हे वीतभर काम.

म्हणूनच सप्तस्वर गुहेबद्दल आमची मनापासून तक्रार आहे. २००६ मध्ये उघडलेल्या या दालनातले लोंब लाकडानं किंवा बोटाच्या पेरानं ठोकले की धातूसारखे वाजतात. वाजतात हे खरं, पण प्रत्येक ठोक्यानं स्फटिकांच्या जोडात बारीक चीर जाऊ शकते आणि एके दिवशी टोक गळून पडतं. हात लावणंही तितकंच वाईट: त्वचेचा तेलकटपणा दगडावर बसला की पाणी तिथं नीट पसरत नाही आणि वाढ थांबते, वर घाम आणि धूळ बसून तो भाग काळा पडतो. वाजवून दाखवायला कुणी पुढे आलं तर हात जोडून नको म्हणा. मुलांना ऐकायचंच असेल तर बाहेर दुकानात पातळ फरशी टांगून वाजवा, तिचाही नाद सुरेख येतो.

दिव्यांबद्दल दोन शब्द. रंगीत प्रकाशात फोटो झकास येतात, पण खडकाचा राखाडी-काळा रंग, त्यातून जाणारी कॅल्साइटची पांढरी शीर, तांबूस मातीचा लेप, यांतलं काहीच ओळखू येत नाही. शिवाय सतत पेटता दिवा दगडापाशी असला की तिथं शेवाळ धरतं आणि त्याच्या आम्लांनी पृष्ठभाग खराब होतो. जगातल्या बऱ्याच गुहांनी आता माणूस आला की लागणारे आणि गेला की विझणारे, मंद पिवळसर दिवे बसवले आहेत. इथंही ते व्हावेत. पाट्यांवर 'हे अमक्यासारखं दिसतं' याच्या जोडीला 'हे कसं झालं' याच्या दोन ओळी आल्या तर तेवढ्याच खर्चात गुहेची किंमत दुप्पट होईल.

पाताळगंगा हा सगळ्यात खालचा बिंदू, प्रवेशापासून ४६ मीटर खोल. उतार दमवणारा आहे आणि परतीची चढण त्याहून, पण चुकवू नका. इथं एक बारमाही बारीक प्रवाह आग्नेयेकडून येतो, वायव्येकडे जातो आणि दगडात गडप होतो. तो दोन किलोमीटरवरच्या बेलम गावातल्या एका विहिरीत निघतो असं मानतात. असा समज पडताळायची रीत सोपी असते: प्रवाहात फ्लुओरेसिन नावाचा निरुपद्रवी हिरवा रंग सोडायचा आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने घेत राहायचं. वाळूतून किंवा मुरमातून पाणी झिरपतं तेव्हा ते गाळून निघतं. चुनखडकात ते मोकळ्या नळातून वाहावं तसं जातं, गाळणी नाहीच. ही गुहा उघडण्याआधी तिच्या तोंडात आसपासचा कचरा टाकला जायचा. चुनखडकाच्या प्रदेशात विवरात टाकलेला कचरा म्हणजे कुणाच्या तरी विहिरीत टाकलेला कचरा. खाली उतरून तो प्रवाह नाहीसा होताना पाहिला की हे समजावून सांगावं लागत नाही. विदर्भातल्या वणी, कोरपना पट्ट्यात सिमेंटसाठी चुनखडक खणतात, तिथंही हाच नियम लागू आहे.

गुहा सकाळी दहाला उघडते आणि पाचला बंद होते. दहालाच आत शिरा. सुटीच्या दिवशी दुपारी गर्दीनं हवा आणखी कोंदट होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. आवारात राहण्या-जेवण्याची सोय साधी आहे, चांगलं जेवण ताडिपत्रीतच. आम्ल टाकून फेस येतो का पाहायची हौस असेल, तर ती बाहेर रस्त्यावरच्या फरशीच्या तुकड्यावर भागवा, गुहेत नाही. घरचं लिंबूही चालतं: दोन थेंब टाकून दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं की बारीक बुडबुडे दिसतात.

दुसऱ्या दिवशी गंडिकोटा. जम्मलमडुगूपासून पंधरा किलोमीटर. ताडिपत्रीहून आलेली पेन्ना नदी इथं एर्रमला डोंगररांग कापून जाते. किल्ल्यातली जामा मशीद आणि रघुनाथस्वामींचं देऊळ ओलांडून कड्यावर गेलं की समोर तांबूस भिंती आणि तळाशी हिरवट पाणी. हा खडक चुनखडक नाही, क्वार्टझाइट आहे. जवळपास निव्वळ सिलिका. त्यावर लिंबू पिळा की पावसाचं आम्ल ओता, ढिम्म हलत नाही. थर इथंही आडवे, भेगा इथंही उभ्या. पण पाणी भेगेला विरघळवून रुंद करू शकत नाही. नदी वाळू-गोट्यांनी तळ खरवडते, कड्याचा पाया सुटतो आणि वरचे ठोकळे भेगेवर मोडून खाली येतात. म्हणून कडा रचून ठेवलेल्या चौकोनी चिऱ्यांसारखा दिसतो आणि पाण्याची वाट उघड्यावर राहते. बेलमला तीच वाट जमिनीखाली गेली. हा क्वार्टझाइट नारजी चुनखडकाहून पुष्कळ जुना. दोघांच्या मधे थरांची मोठी विसंगती आहे, म्हणजे त्या काळाची पानंच फाटलेली.

गंडिकोट्याला 'भारताचं ग्रँड कॅन्यन' म्हणतात. तुलना आकारात टिकत नाही: तिकडे खोली दीड किलोमीटरहून जास्त, इथं शंभर मीटरच्या आत. आणखी एक मोठा फरक आहे. ॲरिझोनातल्या त्या घळईत विरघळणारे आणि न विरघळणारे खडक एकाच भिंतीत आहेत. उत्तर काठाच्या पठारावर कायबाब चुनखडकात विवरं आहेत. तिथं मुरलेलं पाणी मधले थर भेदून जवळजवळ हजार मीटर खाली म्युआव चुनखडकातून 'रोअरिंग स्प्रिंग्ज' नावाच्या झऱ्यात धबाबा बाहेर पडतं, आणि दक्षिण काठावरच्या वस्तीला पिण्याचं पाणी तिथूनच मिळतं. रेडवॉल चुनखडकाच्या उभ्या कड्यात गुहांची काळी तोंडं लांबूनही दिसतात. आपल्याकडे हाच धडा दोन ठिकाणी विभागला गेलाय, मधे साठ किलोमीटर. म्हणून ही जोडी सुटी करू नये, आणि क्रमही बेलम आधी, गंडिकोटा नंतर असाच ठेवावा.

कड्यावर कठडा नाही. ठोकळे पक्के वाटतात, पण मागची भेग पाहिल्याशिवाय टोकाच्या दगडावर पाय देऊ नका. बोट शिरेल एवढी फट असेल तर तो दगड मूळ कड्यापासून सुटलेला आहे. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात चांगला: ऊन तिरपं येतं आणि बेलममध्ये विजेरी तिरपी धरून जे केलं तेच इथं ऊन करतं, थरान् थर वेगळा दिसू लागतो.